चाळिशीपाशी बंद होणारे दार

मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी व निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या निवृत्तिवेतनाच्या मागणीसाठी संपावर गेले. १४ तारखेला सुरू झालेला हा संप २० तारखेला मागे घेण्यात आला. पण त्या आठवड्यात निवृत्तिवेतन हा विषय घरोघरी पोहोचला आणि त्यानंतर त्याची चर्चा थांबलेली नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजनेला मान्यता दिली, दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तिचा स्वीकार केला, आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांना ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. जुनी योजना बरी की नवी, सरकारी तिजोरीवर बोजा किती पडेल, कर्मचाऱ्याच्या पगारातून कपात व्हावी की नाही, याविषयी पुष्कळ लिहिले व बोलले गेले. या वादातील दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र ज्याला जुनी योजनाही लागू नाही आणि नवीही नाही, असा एक फार मोठा वर्ग या वादात कोठेच नव्हता. त्याचे वय चाळीस ते पंचावन्नच्या दरम्यान आहे, नोकरीची किंवा धंद्याची दहा-पंधरा वर्षे उरली आहेत, आणि म्हातारपणासाठी बाजूला पडलेली रक्कम नगण्य आहे किंवा मुळीच नाही.

या वर्गाकडे पाहण्याची समाजाची एक ठराविक दृष्टी आहे. ‘कमावते होते तेव्हा शिल्लक टाकली नाही, आता कपाळाला हात लावून काय उपयोग?’ असे सहज म्हटले जाते. ज्यांना पहिल्या महिन्यापासून पक्का पगार आणि भविष्यनिर्वाह निधी मिळाला, ते असे अधिकच ठामपणे म्हणतात. उधळपट्टी करणारी माणसे सर्व वर्गांत असतात, हे खरे. परंतु एका पिढीतील लाखो लोक एकाच वयात एकाच अडचणीत सापडतात, तेव्हा तिचे मूळ स्वभावदोषात शोधणे हा विचाराचा आळस होय. या माणसांना बचत का करता आली नाही आणि आता ती का साधत नाही, याची कारणे आर्थिक व्यवस्थेत आहेत. ती नीट पाहिल्याशिवाय उपायांची चर्चा व्यर्थ ठरेल.

कोरी गेलेली वर्षे

पहिले कारण म्हणजे स्थिर उत्पन्नाला झालेला उशीर. महाराष्ट्रातील खासगी शाळांचे उदाहरण शिक्षकांना परिचित आहे. ‘कायम विनाअनुदान’ या अटीवर राज्यात शेकडो शाळा उघडल्या. २००९ साली ‘कायम’ हा शब्द वगळण्यात आला आणि २०१६ पासून वीस टक्क्यांच्या टप्प्याने अनुदान सुरू झाले. १९७७ साली जन्मलेला एखादा पदवीधर २००४ मध्ये अशा शाळेत रुजू झाला असे मानले, तर तेव्हा त्याचे वय २७ होते. अनुदानाचा पहिला टप्पा मिळाला तेव्हा ते ३९ झाले होते. मधल्या बारा वर्षांत संस्थेने दिले तर दिले अशा मानधनावर त्याने संसार मांडला, शेतीच्या किंवा शिकवण्यांच्या आधारावर तो चालवला, आणि पगार सुरू होताच आधीचे कर्ज फेडण्यास सुरुवात केली. वयाच्या ५८ व्या वर्षी तो सेवानिवृत्त होईल, पण बचतीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वर्षे कोरीच गेलेली असतील. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची स्थिती फारशी वेगळी नाही. पदव्युत्तर पदवी, पात्रता परीक्षा, कित्येकदा पीएच.डी. आणि त्यानंतर दर जूनमध्ये नव्याने नेमणुकीची वाट पाहणे, यात चाळिशी कधी येते ते कळतही नाही.

दुसरे कारण नोकऱ्यांच्या तुटकपणात आहे. १९५२ चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सामान्यतः वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. वकिलाकडील कारकून, पेढीवरचा मुनीम, लहान छापखान्यातील जुळारी, औषधाच्या दुकानातील विक्रेता हे त्याच्या कक्षेबाहेर राहतात. ज्यांना कायदा लागू होतो त्यांपैकी पुष्कळांनी चार-पाच ठिकाणी नोकऱ्या केलेल्या असतात. एक नोकरी सुटली की फंडाचे पैसे काढायचे आणि घरातील तातडीची गरज भागवायची, ही रीतच पडून गेली. बहिणीचे लग्न, वडिलांची शस्त्रक्रिया, सदनिकेची पहिली रक्कम, मुलाच्या प्रवेशाचे शुल्क यांपैकी कोणतीही गरज चैनीची म्हणता येणार नाही. पण दरवेळी पाटी पुसली जाते. शिवाय १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत हक्क प्राप्त होण्यासाठी दहा वर्षांची सेवा लागते. ती पुरी होण्याआधी योजनेतील रक्कम काढून घेतली, की झालेली सेवाही हिशेबातून जाते. रक्कम न काढता योजनेचे प्रमाणपत्र घेऊन ठेवले, तर ती सेवा पुढील नोकरीत जोडता येते. हे ज्यांना ठाऊक नव्हते अशांची सात-आठ वर्षे या एका अज्ञानापायी वाया गेली.

तिसरे कारण म्हणजे खर्चाचे बदललेले स्वरूप. मागील पिढीतील कारकुनाचा मुलगा अनुदानित शाळेत आणि सरकारी महाविद्यालयात शिकला. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली, पुढे तोच प्रकार इतर शिक्षणात आला, आणि शिक्षणाचा खर्च कुटुंबाच्या माथी पडला. परिणामी आईबापांनी आपल्या निवृत्तीचे पैसे मुलांच्या शुल्कात गुंतवले. मुलगा शिकला की आपल्याला पाहील, हा त्यामागील अलिखित करार होता. तो मोडला याबद्दल मुलांना दोष देणे सोपे आहे. परंतु त्या मुलालाही कंत्राटी नोकरी आहे, शहरात भाड्याचे घर आहे, आणि त्याची स्वतःची बचतीची वर्षे तशीच निसटत आहेत. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ साली झालेल्या कायद्याने मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळवण्याची तरतूद केली. पण मुलाजवळच काही नसेल, तर न्यायाधिकरणाचा आदेश काय देणार? आणि किती आईबाप पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करतील?

गणिताची निष्ठुरता

ही वर्षे गेली म्हणून नेमके काय गेले, हे चक्रवाढ व्याजाच्या साध्या हिशेबावरून दिसते. वयाच्या २५ व्या वर्षापासून साठीपर्यंत दरमहा १,००० रुपये वार्षिक ८ टक्के दराने साठवले, तर ३५ वर्षांत सुमारे २३ लाख रुपये जमतात. तीच रक्कम ४५ व्या वर्षापासून साठवली, तर १५ वर्षांत साडेतीन लाखांच्या आसपास जमतात. पहिल्याने स्वतःच्या खिशातून ४ लाख २० हजार घातले, दुसऱ्याने १ लाख ८० हजार. म्हणजे घातलेल्या रकमेत सव्वादोन पटींहून थोडा अधिक फरक आहे; हाती येणाऱ्या रकमेत मात्र साडेसहा पटींचा. ही तफावत काळाने निर्माण केली आहे, काटकसरीने नव्हे. तरुणपणी उत्पन्न नसलेल्या माणसाने पुढे कितीही कंबर कसली, तरी ती भरून येत नाही.

याच्या जोडीला महागाई आहे. ज्या कुटुंबाचा आजचा मासिक खर्च २०,००० रुपये आहे त्याला, भाववाढीचा दर सहा टक्के धरला तर, पंधरा वर्षांनी तेवढ्याच राहणीसाठी सुमारे ४८,००० रुपये लागतील. साठीनंतर वीस वर्षांचे आयुष्य धरले आणि तोपर्यंत साठवलेल्या रकमेवरील व्याज भाववाढीपुरतेच राहिले, तर एक कोटी पंधरा लाखांची पुंजी हवी. ती पंधरा वर्षांत ८ टक्क्यांनी उभी करायची, तर दरमहा ३३,००० रुपये शिल्लक टाकावे लागतील. म्हणजे ज्याच्या घरखर्चाला २०,००० लागतात त्याने त्याच्या दीडपटीहून अधिक बचत करावी, असा याचा अर्थ होतो. निम्म्या गरजेवर समाधान मानले, तरी दरमहा साडेसोळा हजार हवेत. अल्पबचतीच्या जाहिरातींतील उपदेश या वयाच्या माणसाला हास्यास्पद का वाटतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

योजनांची वयोमर्यादा

अशा वेळी राज्यसंस्थेने काय केले, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. योजना नाहीत असे नाही. २०१५ मध्ये अटल पेन्शन योजना आली. २०१९ मध्ये असंघटित कामगारांसाठी, छोट्या व्यापाऱ्यांसाठी आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांसाठी अशा तीन निरनिराळ्या मानधन योजना आल्या. त्यांतील हप्ते, अटी आणि लाभ वेगवेगळे आहेत, पण एक गोष्ट चारही योजनांत समान आहे. प्रवेशाचे वय १८ ते ४० आहे. चाळिशी ओलांडलेल्याला या चारही दारांतून आत जाता येत नाही.

या मर्यादेमागे विमागणिताचा तर्क आहे आणि तो चुकीचा नाही. साठीनंतर ठराविक रकमेची हमी द्यायची, तर किमान वीस वर्षे हप्ते यायला हवेत. अटल योजनेत साठीनंतर ५,००० रुपये मिळावेत यासाठी १८ व्या वर्षी सामील होणाऱ्याला दरमहा २१० रुपये, तर ४० व्या वर्षी सामील होणाऱ्याला १,४५४ रुपये भरावे लागतात. पंचेचाळिशीत हा हप्ता कितीतरी वाढेल. परंतु योजनेचे गणित बिनचूक असूनही तिचे धोरण अपुरे असू शकते. १८ वर्षांच्या मुलाला म्हातारपण दिसत नाही, आणि ज्याला ते दिसू लागते त्याला ‘तुमचे वय उलटून गेले’ असे सांगितले जाते. २०१५ साली ४१ वर्षांचा असलेला माणूस तर योजना जन्मली त्याच दिवशी अपात्र होता. त्याने आळस केला असे कोणीही म्हणू शकणार नाही. त्याच्या तारुण्यात ही योजना अस्तित्वातच नव्हती.

राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली १ मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुली झाली, आणि तीत साठीनंतरही सामील होता येते, हे येथे नमूद करायला हवे. मात्र तीत सर्वसाधारण नागरिकाच्या खात्यात सरकार काही घालत नाही आणि साठीनंतर किती मिळेल याची हमीही देत नाही. ज्याच्याजवळ शिल्लक आहे त्याला ती ठेवण्यासाठी हे एक चांगले ठिकाण आहे. शिल्लकच नसलेल्याची अडचण त्याने सुटत नाही.

या संदर्भात एक इतिहास आठवण्याजोगा आहे. १९९८ साली केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने म्हातारपणाच्या आर्थिक सुरक्षेचा अभ्यास करण्यासाठी सुरेन्द्र दवे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ‘ओएसिस’ या नावाने ओळखला जाणारा तिचा अहवाल २००० साली आला. ज्यांना कोणतेच निवृत्तिवेतन नाही अशा असंघटित लोकांचा विचार त्याच्या केंद्रस्थानी होता. प्रत्येकाचे स्वतंत्र खाते असावे आणि ते नोकरीबरोबर बदलू नये, ही त्यातील मुख्य कल्पना होती. प्रत्यक्षात ती कल्पना प्रथम लागू झाली १ जानेवारी २००४ नंतर केंद्र सरकारी सेवेत येणाऱ्यांना, आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्यांना. ज्यांना काही होते त्यांचे कमी झाले आणि ज्यांच्यासाठी विचार सुरू झाला होता ते पुढील काही वर्षे बाहेरच राहिले.

दहा वर्षांच्या सेवेची दोन मोले

सरकारी आणि खासगी सेवेतील अंतर किती वाढले आहे, हे दोन तरतुदी शेजारी ठेवल्या की कळते. एकीकृत योजनेत दहा वर्षांची सेवा झालेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला दरमहा किमान १०,००० रुपयांची हमी आहे आणि त्यात महागाईप्रमाणे वाढ होते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतही हक्कासाठी दहा वर्षांचीच सेवा लागते. तेथे किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरवण्यात आली, त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ ती तेथेच थांबली, आणि महागाईशी तिचा काही संबंध नाही. याच वेळी या योजनेसाठी वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये करण्यात आली. वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले सत्तर, असे तिचे सूत्र आहे. १५,००० वेतनावर १४ वर्षे नोकरी करणाऱ्याला या सूत्राने दरमहा ३,००० रुपये मिळतात. त्याच्या पश्चात पत्नीला त्याच्या निम्मे.

या तुलनेवरून सरकारी कर्मचाऱ्यांना फार मिळते असा निष्कर्ष कोणी काढू नये. निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेपोटी मिळालेला हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सांगितले. हे तत्त्व मान्य असेल, तर ते फक्त सरकारी सेवेपुरते का असावे, असा उलट प्रश्न विचारायला हवा. खासगी शाळेतील शिक्षिकेने किंवा कारखान्यातील हिशेबनिसाने केलेल्या श्रमांचाही समाजाला उपयोग झालेला असतो. अंगणवाडी सेविका उपदानास पात्र आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. मानधन या शब्दाच्या आड श्रमांचा हक्क लपवता येत नाही, हेच त्यातून सूचित झाले.

महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव

नोकरीच्या मध्यावर आधार तुटला की काय होते, हे मुंबईने एकदा पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप विरत गेला, गिरण्या आजारी पडल्या, काही कायमच्या बंद झाल्या, आणि ऐन चाळिशीत असलेले हजारो कामगार बेकार झाले. गावी परत गेलेल्यांनी आणि चाळीत राहिलेल्यांनी फंडाची रक्कम पोट भरण्यात व कर्ज फेडण्यात संपवली. पुढच्या काळात कोणी पहारेकऱ्याची नोकरी धरली, कोणी भाजीची गाडी लावली, कित्येक घरांत बायका खानावळ चालवू लागल्या. त्या पिढीचे म्हातारपण कसे गेले हे गिरणगावाला आणि कोकणातील, घाटावरील अनेक गावांना ठाऊक आहे. आज तसा एखादा मोठा संप नाही, म्हणून हे संकट डोळ्यांत भरत नाही, इतकेच. ते एकेका घरात स्वतंत्रपणे घडत आहे.

याच महाराष्ट्राने या प्रश्नाचे एक उत्तरही शोधले होते. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली झालेला कायदा हे ते उत्तर होय. हमालाला एक मालक नसतो. सकाळी एका व्यापाऱ्याचा माल, दुपारी दुसऱ्याचा, असे त्याचे काम. त्यामुळे फंड कापणार कोण, हा प्रश्न अनुत्तरित होता. अण्णासाहेब पाटील आणि इतर नेत्यांच्या चळवळीतून आलेल्या या कायद्याने माथाडी मंडळे स्थापन झाली. ज्याचे काम होते त्या व्यापाऱ्याने मजुरीबरोबर ठराविक टक्के लेव्ही मंडळाकडे भरायची, आणि मंडळाने त्यातून कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी, उपदान व औषधोपचार पाहायचे, अशी ही व्यवस्था आहे. तिच्या अंमलबजावणीत दोष शिरले, काही ठिकाणी दांडगाईच्या तक्रारी आल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही म्हातारपणाची तरतूद मालकाशी न बांधता कामाशी आणि कामगाराशी बांधता येते, हे अर्धशतकापूर्वी येथे सिद्ध झाले. पाठीवर पोते वाहणाऱ्यासाठी जे साधले, ते तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यासाठी, घरोघर माल पोहोचवणाऱ्या तरुणासाठी किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईसाठी साधू नये, याला सबळ कारण दिसत नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली असून तीत नव्या प्रकारच्या कामगारांचा उल्लेख आहे. उल्लेखाचे रूपांतर खात्यात दरमहा पडणाऱ्या पैशात होते की नाही, यावर तिचे मोल ठरेल.

तिजोरीचा प्रश्न

यावर नेहमीचा आक्षेप असा की सरकारजवळ एवढा पैसा कोठून येणार? जुन्या योजनेकडे परतणाऱ्या राज्यांना रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२३ मधील अहवालात भावी बोजाचा इशारा दिला होता, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. म्हणूनच मागणी काय आहे हे नेमके ठरवायला हवे. प्रत्येकाला अखेरच्या पगाराच्या निम्मी रक्कम सरकारने द्यावी, अशी मागणी कोणी करणार नाही. मागणी आहे ती किमान तळाची, ज्याखाली कोणाही वृद्धाला जावे लागू नये अशा रकमेची. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात म्हातारपणी सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा निर्देश आहे, मात्र राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. ही कुवत १९५० साली होती तेवढीच आज आहे असे कोणी म्हणणार नाही.

केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाची सुरुवात १५ ऑगस्ट १९९५ रोजी दरमहा ७५ रुपयांनी झाली. पुढे ते २०० रुपये झाले आणि साठ ते ऐंशी वयाच्या वृद्धांसाठी केंद्राचा हा वाटा दीड दशकाहून अधिक काळ तेवढाच राहिला. महाराष्ट्र सरकारने श्रावणबाळ व संजय गांधी निराधार योजनांतील रक्कम २०२३ मध्ये १,५०० रुपये केली, हे स्वागतार्ह आहे. परंतु या योजनांना वार्षिक २१,००० रुपये उत्पन्नाची जी मर्यादा दीर्घकाळ लावण्यात आली, तिचा अर्थ असा की ज्याला फंड कार्यालयाकडून दरमहा २,००० रुपये येतात तो निराधार ठरत नाही. श्रावणबाळ योजनेचे किमान वय ६५ आहे. ५८ व्या वर्षी नोकरी सुटलेल्याने मधली सात वर्षे कशी काढायची, याचा विचार त्या नियमात नाही. गेल्या काही वर्षांत कष्टकऱ्यांच्या संघटनांनी हीच बाजू मांडली. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने २०१२ पासून पेन्शन परिषदेने सार्वत्रिक निवृत्तिवेतनाची मागणी दिल्लीपर्यंत नेली.

खर्चाचा अंदाज घेता येतो. २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षांवरील लोकसंख्या दहा कोटींच्या थोडी वर होती. त्यांपैकी पाच कोटींना दरमहा १,००० रुपये द्यायचे, तर वर्षाला ६०,००० कोटी रुपये लागतात. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाचा एकूण आकार सुमारे ५० लाख ६५ हजार कोटी होता. त्या मानाने हा खर्च सव्वा टक्क्याच्या आत बसतो. वृद्धांची संख्या २०११ नंतर वाढली आहे, आणि १,००० रुपयांत भागणार नाही, हेही खरे. रक्कम दुप्पट-तिप्पट केली तरी खर्च मोठा होईल, पण अशक्य कोटीतील होणार नाही. तो टप्प्याटप्प्याने वाढवता येईल. प्राधान्य कशाला द्यायचे, एवढाच प्रश्न उरतो.

करण्याजोगे काय?

व्यक्तीच्या हातात काहीच नाही असे म्हणणे मात्र दिशाभूल करणारे ठरेल. पंचेचाळिशीतील माणसाने नोकरी बदलताना फंड काढू नये, तो नव्या खात्यात वळता करावा. पंधरा वर्षे मुदतीचा सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी या वयाला नेमका साठीपर्यंत पुरतो. मुलांच्या लग्नासाठी व शिक्षणासाठी कर्ज मिळते, स्वतःच्या म्हातारपणासाठी कोणतीही बँक कर्ज देत नाही, हे घरातील सर्वांसमोर स्पष्ट बोलले गेले पाहिजे. भारी व्याजाचे आमिष दाखवणाऱ्या भिशीपासून आणि चिट फंडांपासून दूर राहणे हीसुद्धा मोठी बचत आहे, कारण उशीर झालेला माणूसच अशा आमिषांना अधिक बळी पडतो. या गोष्टींनी भोक पूर्ण बुजणार नाही, पण लहान होईल.

उरलेला भाग शासनाचा आहे. चाळीस ते पंचावन्न या वयातील लोकांना निवृत्तिवेतन योजनांचे दार उघडावे. त्यांनी भरलेल्या वर्षांच्या प्रमाणात निवृत्तिवेतन कमी मिळाले तरी चालेल, पण प्रवेश असावा. असंघटित कामगारांच्या मानधन योजनेत सरकार हप्त्याइतकीच रक्कम स्वतः घालते. हा न्याय, ज्यांच्याजवळ काळ सर्वांत कमी आहे त्यांना आधी लावायला हवा. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान रक्कम वाढवून ती महागाईशी जोडावी. मध्यंतरी नोकरी नसलेल्या, मानधनावर राबलेल्या वर्षांची नोंद घेण्याची काही पद्धत शाळांच्या बाबतीत तरी ठरवावी, कारण त्या शाळांना परवानगी शासनानेच दिली होती आणि तेथे शिकलेली मुले शासनाच्याच आकडेवारीत साक्षर म्हणून मोजली गेली.

जुने की नवे हा वाद यापुढेही चालू राहील आणि संघटित कर्मचारी आपल्या बळावर त्यातून काही ना काही मिळवतील. परंतु २००४ साली विनाअनुदान शाळेत रुजू झालेला तो शिक्षक २०३५ मध्ये ५८ वर्षांचा होईल, आणि त्याच्या आगेमागे त्याच्यासारखेच लाखो कारकून, विक्रेते व कारागीर कामातून बाहेर पडतील. ही तारीख अनपेक्षित नाही, ती प्रत्येकाच्या जन्मदाखल्यावर लिहिलेली आहे. तयारीला अजून काही वर्षे हाती आहेत. ती वर्षेही या माणसांच्या तारुण्यासारखीच कोरी जाऊ नयेत, हे राज्यकर्त्यांनी वेळीच ओळखलेले बरे.